करंड्यांतील कुंकूं आणि कायदा

मराठी घरांत जें प्रसाधन सर्वांत अधिक वापरलें जातें आणि ज्याविषयीं सर्वांत कमी विचारपूस होते, तें म्हणजे कुंकूं. साबण घेतांना त्याचा वास पाहिला जातो, तेल घेतांना बाटलीवरील नांव वाचलें जातें. परंतु कुंकवाची पुडी देवळाच्या दारांत, जत्रेंत किंवा वाण्याच्या दुकानांत घेतली जाते ती केवळ रंग पाहून. लाल दिसलें म्हणजे तें कुंकूं, एवढीच काय ती परीक्षा! या परीक्षेंत अनेक भिन्न पदार्थ सहज उत्तीर्ण होतात. हळदीपासून केलेली पूड, पिठांत कालविलेला कारखानी रंग, शिशापासून होणारा शेंदूर आणि पाऱ्यापासून होणारा हिंगूळ हे चारही पदार्थ तांबडे आहेत. पण शरीरावर होणारे त्यांचे परिणाम मात्र एकसारखे नाहींत. जो फरक डोळ्यांस दिसत नाहीं तो दाखविण्याचें काम रसायनशास्त्राचें, आणि त्या ज्ञानाच्या आधारें ग्राहकाचें रक्षण करण्याचें काम कायद्याचें. हीं दोन्ही कामें कुंकवाच्या बाबतींत कोठवर होतात, हें समजून घेणें प्रत्येक घराच्या हिताचें आहे.

या विषयाशीं परभणीच्या मुलुखाचा जुना संबंध आहे. वसमत, कळमनुरी, हिंगोली हे तालुके १ मे १९९९ रोजीं नवा हिंगोली जिल्हा होईपर्यंत परभणी जिल्ह्यांतच होते. आणि वसमतची हळदीची पेठ आज महाराष्ट्रांतील नांवाजलेल्या पेठांपैकीं एक आहे. मे-जूनच्या सुमारास लावलेली हळद आठनऊ महिन्यांनीं काढतात, कंद शिजवितात, उन्हांत वाळवितात आणि घोळून त्यांवर झिलई आणतात. हींच तीं हळकुंडें. जुन्या पद्धतीचें कुंकूं यांचेंच होतें. हळकुंडांचे तुकडे लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांच्या मिश्रणांत भिजवून सावलींत वाळवावयाचे, मग ते दळून वस्त्रगाळ करावयाचे आणि पूड कपाळावर नीट बसावी म्हणून तिला तेलाचा हात लावावयाचा, अशी ती कृति. पंढरपुरासारख्या क्षेत्रीं या धंद्यावर कित्येक कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या जगत आलीं आहेत.

पिवळ्या हळदीपासून तांबडें कुंकूं कसें होतें, हें कोडें रसायनशास्त्रानें पूर्णपणें उलगडलें आहे. हळदीच्या पिवळेपणाचें मूळ करक्युमिन नांवाच्या द्रव्यांत आहे. वाळलेल्या हळदींत तें साधारणतः शेंकडा २ ते ५ या प्रमाणांत असतें. १८१५ मध्यें वोगेल आणि पेलेटिए या शास्त्रज्ञांनीं तें प्रथम हळदींतून वेगळें काढलें. त्याची अंतर्गत रचना निश्चित होण्यास मात्र १९१० साल उजाडावें लागलें. हें द्रव्य मोठें संवेदनशील आहे. आम्लांत तें पिवळें राहतें. चुना, सोडा, साबण अशा अल्कली पदार्थांशीं गांठ पडली कीं तें तांबूस होतें. हळदीचा डाग पडलेल्या पातळास साबण लावतांच तो डाग लाल होतो आणि त्यावर लिंबूं पिळलें तर पुन्हां पिवळा होतो, हा अनुभव घरोघरीं आहे. चुना घालून घाईनें केलेलें कुंकूं याच तत्त्वावर तांबडें होतें, आणि म्हणूनच तें घामाच्या आम्लतेनें कपाळावर पिवळटही पडतें. टाकणखाराचें कार्य याहून निराळें आहे. त्यांतील बोरॉन हें मूलद्रव्य आम्लाच्या संगतींत आणि मिश्रण वाळत असतांना करक्युमिनशीं जोडलें जातें व त्यांचें एक नवें तांबडें संयुग बनतें. लिंबाचा रस कां हवा, टाकणखार कां हवा, आणि वाळविण्याची घाई कां करूं नये, या तिन्ही प्रश्नांचें उत्तर या एका गोष्टींत आहे. ज्यांनीं ही कृति शोधली त्यांस बोरॉनचें नांव ठाऊक असणें शक्यच नव्हतें. परंतु त्यांची नजर मात्र अचूक होती.

यावरून घरीं करतां येण्याजोगी एक सोपी चांचणी निघते. पांढऱ्या बशींत चिमूटभर कुंकूं घेऊन त्यावर लिंबाचे कांहीं थेंब टाकावे. चुन्याचें कुंकूं असेल तर तें पिवळें होऊं लागेल. दुसऱ्या चिमटीवर चुन्याची निवळी किंवा धुण्याच्या सोड्याचें पाणी टाकावें. टाकणखाराच्या कुंकवाचा रंग काळपट-हिरवट छटेकडे झुकेल. दोहोंनींही रंगांत कांहींच पालट झाला नाहीं, तर त्या पुडींत हळद जवळजवळ नाहीं असें समजण्यास हरकत नाहीं. मात्र या चांचणीची मर्यादा लक्षांत ठेविली पाहिजे. हळद आहे किंवा नाहीं एवढेंच ती सांगते. हळदीबरोबर आणखी काय मिसळलें आहे, शिसें आहे काय, रंग कोणत्या जातीचा आहे, यांपैकीं कांहींही स्वयंपाकघरांत कळणें शक्य नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळाच लागते.

हळदीचें कुंकूं मागें कां पडलें, याचें कारणही करक्युमिनच्या स्वभावांतच आहे. हें द्रव्य प्रकाशांत टिकत नाहीं. दुकानाच्या फळीवर उघडें ठेविलेलें हळदीचें कुंकूं कांहीं दिवसांतच फिकें पडतें, आणि फिकें कुंकूं गिऱ्हाईक घेत नाहीं. इंग्लंडमध्यें १८५६ सालीं विल्यम पर्किन यानें डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून पहिला कृत्रिम जांभळा रंग तयार केला आणि त्यानंतरच्या अर्धशतकांत अशा रंगांची रीघ लागली. ते स्वस्त, गडद आणि उन्हास दाद न देणारे. पीठ, खडू किंवा संगजिरें यांत चिमूटभर असा रंग कालविला कीं झालें कुंकूं! कृत्रिम रंग सारेच अपायकारक असतात असें नाहीं. प्रसाधनांत चालतील अशा रंगांची यादीच सरकारमान्य आहे. परंतु कापड, कागद किंवा प्लॅस्टिक यांसाठीं बनविलेला रंग कातडीसाठीं शुद्ध केलेला नसतो. अशा कांहीं रंगांमुळें कपाळास खाज सुटणें, पुरळ उठणें आणि पुढें त्या जागीं काळसर चट्टा राहणें, हे प्रकार भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीं आपल्या नियतकालिकांत वेळोवेळीं नोंदविले आहेत.

कृत्रिम रंगांस नांवें ठेवतांना जुनें तें सारें निर्धोक, असा ग्रह करून घेणेंही तितकेंच चुकीचें ठरेल. शेंदूर हा जुनाच पदार्थ आहे. खरा शेंदूर म्हणजे शिसें आणि प्राणवायु यांचें संयुग, आणि त्याच्या वजनाच्या शंभर भागांत सुमारे नव्वद भाग शिसेंच असतें. हिंगुळांत याच हिशेबानें शंभरांत सुमारे शहाऐंशीं भाग पारा असतो. मारुतीच्या किंवा गणपतीच्या मूर्तीवर तेलांत कालवून शेंदूर चढविला जातो, त्यानें दगडास कांहीं होत नाहीं. तोच शेंदूर भांगांत भरला तर त्याची पूड केसांतून उशीवर, हातावर आणि हातांतून घांसांत जाते. आईच्या मांडीवरील मूल ती बोटानें उचलून तोंडांत घालतें. शिसें शरीरांत सांचत राहतें, हाडांत दडून बसतें, आणि लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. मुलांच्या बाबतींत शिशाची अमुक मात्रा सुरक्षित आहे असें म्हणतां येत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेचें स्पष्ट मत आहे.

हा प्रश्न समुद्रापलीकडे स्थायिक झालेल्या कुटुंबांनाही सुटलेला नाहीं. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत भारतीय वस्ती, आणि तींत मराठी वस्तीही, मोठी आहे. तेथील दुकानांतून आणि मुंबई-दिल्लीच्या बाजारांतून घेतलेल्या शेंदराच्या ११८ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्यें तेथील संशोधकांनीं प्रसिद्ध केली. सुमारे चारपंचमांश नमुन्यांत दर ग्रॅममागें एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें निघालें, आणि कित्येकांत तें तेथील सरकारनें रंगांसाठीं घातलेल्या २० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्याही वर गेलें होतें.

हेंच डोळ्यांत घालावयाच्या काळ्या पदार्थांचेंही आहे. तुपाच्या किंवा एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलें काजळ म्हणजे मुख्यतः कोळशाची अतिसूक्ष्म पूड होय. सुरमा म्हणून विकला जाणारा चकचकीत काळा दगड मात्र बहुधा गॅलिना, म्हणजे शिसें आणि गंधक यांचें खनिज असतें, आणि त्यांतही शंभरांत सुमारे शहाऐंशीं भाग शिसें असतें. परभणीसारख्या शहरांत हिंदु आणि मुसलमान कुटुंबें शेजारीं शेजारीं नांदतात. एकीकडे शेंदराची पुडी, दुसरीकडे सुरमेदाणी. आचार वेगळे, पण त्यांतील धोका एकच.

आतां पुडीच्या कुंकवाची जागा पुष्कळ ठिकाणीं चिकटणाऱ्या टिकलीनें घेतली आहे. तिच्यामुळें रंगाचा प्रश्न बराच मिटला, परंतु चिकटद्रव्याचा नवा प्रश्न उभा राहिला. कांहीं चिकटद्रव्यांत पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल नांवाचें रसायन असतें. कातडीस वर्ण देणाऱ्या पेशी टायरोसिन या द्रव्यापासून आपला रंग बनवितात, आणि या रसायनाची घडण टायरोसिनसारखीच असल्यामुळें त्या पेशी फसतात. त्या तें स्वीकारतात, आणि त्यांतून निर्माण होणाऱ्या घातक द्रव्यांनीं स्वतःच मरतात. मग टिकलीच्या जागीं नेमका टिकलीएवढा पांढरा डाग उमटतो. असाच प्रकार १९३९ मध्यें अमेरिकेंतील कातडीं कमाविण्याच्या एका कारखान्यांत उघडकीस आला होता. तेथें कामगारांच्या हातांवर पांढरे चट्टे उठले आणि त्यांचें मूळ रबरी हातमोज्यांतील एका तत्सम रसायनांत सांपडलें.

कामगारांच्या हातांवरील चट्ट्यांची तेथें चौकशी झाली. आपल्याकडे कपाळावरील डागाची मात्र कुजबूज होते. पांढरा डाग दिसला कीं समाज त्यास कोड म्हणतो, आणि कोड हा शब्द उच्चारला गेला कीं मुलीच्या लग्नाची गोष्ट थांबते, सुनेकडे पाहण्याची घरची नजर बदलते. वास्तविक कोड हा संसर्गजन्यही नाहीं आणि कोणाच्या पापाचें फळही नाहीं. परंतु त्या कुजबुजीच्या धास्तीनें ती स्त्री डाग झांकण्यासाठीं आणखी मोठी टिकली लावते, म्हणजे ज्यामुळें डाग पडला तेंच द्रव्य अधिक जागेवर चिकटविते. वेळेवर टिकली बंद केली आणि वैद्यकीय सल्ला घेतला, तर पुष्कळ ठिकाणीं वर्ण परत येण्याची आशा असते. विलंब केल्यास मात्र डाग पसरूं शकतो.

अशा वेळीं कायदा काय करतो? प्रसाधनांवर कायद्याची नजर पडावयास सर्वच देशांत विलंब झालेला आहे. अमेरिकेंत १९०६ चा अन्न व औषधांचा कायदा होता, पण प्रसाधनें त्याच्या कक्षेबाहेर होतीं. १९३३ च्या सुमारास ‘लॅश लूर’ नांवाच्या पापण्या रंगविण्याच्या द्रव्यानें स्त्रियांच्या डोळ्यांस भयंकर इजा झाली, दृष्टि गेल्याचाही प्रकार घडला, आणि सरकारजवळ तो माल बाजारांतून उठविण्याचें साधन नव्हतें. तें साधन १९३८ च्या नव्या कायद्यानें आलें. आपल्याकडे रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनें १९३१ मध्यें औषधांविषयीं अहवाल दिला आणि १९४० सालीं औषधांचा कायदा झाला. तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. परभणी तेव्हां निजामाच्या राज्यांत होती आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथेंच राहिली. मूळ कायद्यांत प्रसाधनांचा समावेश नव्हताच. तो १९६२ च्या दुरुस्तीनें झाला, १९६४ पासून अंमलांत आला, आणि कायद्याचें नांवही औषधें व प्रसाधनें कायदा असें झालें. तेव्हांही साबण वगळण्यांत आला होता. ती सूट १९८२ च्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आली. प्रसाधनांसाठीं स्वतंत्र नियमावली १५ डिसेंबर २०२० रोजीं जाहीर झाली आणि सध्यां तीच लागू आहे.

कायद्याची व्याख्या बरीच व्यापक आहे. स्वच्छतेसाठीं, सौंदर्यासाठीं किंवा रूप पालटण्यासाठीं जें जें अंगास चोळावयाचें, ओतावयाचें, शिंपडावयाचें किंवा अन्य रीतीनें लावावयाचें, तें तें प्रसाधन होय. तेव्हां कुंकूंही त्यांत आलें; भारतीय मानक संस्थेनें कुंकवाच्या पुडीसाठीं वेगळें मानकही ठरविलें आहे. रंगासाठीं शिशाचीं किंवा सोमलाचीं संयुगें वापरण्यास पूर्ण बंदी आहे. प्रसाधनांतील रंगांत अशुद्धि म्हणून शिसें येईल तें दहा लाख भागांत २० भागांहून अधिक असूं नये, सोमल २ भागांहून अधिक असूं नये, अशी मर्यादा आहे. पारा नकळत आला तरी डोळ्यांच्या प्रसाधनांखेरीज इतर तयार मालांत तो दहा लाखांत एका भागापुरताच क्षम्य आहे. दहा लाखांत २० ही मर्यादा आणि खऱ्या शेंदरांतील दहा लाखांत सुमारे नऊ लाख भाग शिसें, हे दोन आंकडे शेजारीं ठेवले म्हणजे अधिक भाष्य करण्याची गरज राहत नाहीं.

माल बनविण्यास परवाना लागतो. वेष्टनावर उत्पादकाचें नांव व पत्ता, परवाना क्रमांक, गट क्रमांक, किती मुदतीपर्यंत वापरावें तो महिना व वर्ष, आणि घटकद्रव्यांची यादी छापणें आवश्यक आहे. ‘लॅश लूर’मध्यें ज्या वर्गाचें रसायन होतें त्याच वर्गाचें रसायन आजही केस काळे करण्याच्या कलपांत असतें, म्हणून अशा कलपावर प्रथम थोड्या जागेवर लावून पाहण्याची आणि भुंवया-पापण्यांना न लावण्याची सूचना छापावीच लागते.

एवढा बंदोबस्त असूनही कुंकूं निसटतें, त्याचें कारण विक्रीच्या पद्धतींत आहे. प्रसाधन बनविण्यास परवाना लागतो. विकण्यास मात्र स्वतंत्र परवान्याची अट नाहीं. नियमबाह्य माल विकणें हा विक्रेत्याचाही गुन्हा आहे हें खरें. पण परातींत रास करून चमच्यानें मोजून दिलेल्या कुंकवास ना वेष्टन, ना पत्ता, ना गट क्रमांक. तें कोणीं केलें, केव्हां केलें, कशाचें केलें, हें विकणाऱ्यासही ठाऊक नसतें. तपासणी अधिकारी नमुना घेऊं शकतो, परंतु त्या नमुन्यावरून मूळ कारखान्यापर्यंत पोंचण्याचा धागाच तेथें नसतो. कायद्याचें सारें बळ लेबलावर उभें आहे, आणि जें सर्वांत अधिक घरांत जातें तेंच विनालेबल विकलें जातें.

हा धागा ग्राहकानें आपल्या हातीं धरावयाचा आहे. कुंकूं बंद डबींतीलच घ्यावें आणि त्या डबीवरील परवाना क्रमांक व घटकद्रव्यें वाचून घ्यावें. केवळ ‘नैसर्गिक’ किंवा ‘शुद्ध’ या शब्दांवर विसंबूं नये. शिसेंही निसर्गांतूनच येतें. देवाचा शेंदूर देवासाठींच ठेवावा, आणि करंडा मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. कपाळास खाज, पुरळ किंवा पांढरेपणा दिसतांच लावणें थांबवून त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावें, आणि जातांना ती डबी किंवा टिकलीचें पाकीटही बरोबर न्यावें.

याखेरीज कायद्याच्या २६ व्या कलमांत सामान्य माणसास एक मोठा अधिकार दिलेला आहे, परंतु त्याची वाच्यता फार थोडी होते. कोणाही व्यक्तीस किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटनेस, स्वतः विकत घेतलेलें प्रसाधन विहित अर्ज व फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेतां येतें आणि त्याचा सहीशिक्क्याचा अहवाल मिळतो. राज्यांत या कायद्याची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. एखाद्या महिला मंडळानें किंवा भजनी मंडळानें वर्गणी काढून गांवच्या बाजारांतील दोनचार पुड्या अशा रीतीनें तपासून घेतल्या, तर त्या अहवालाचा उपयोग साऱ्या गांवास होईल. ज्या मुलखांत कुंकवाची हळद पिकते, त्या मुलखांतील घरांनींच हा आरंभ करण्यास काय हरकत आहे?